नौकेत कुणाला घ्यायचं?

(करमाड इथल्या युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



समोर बसलेली बुजुर्ग मंडळी, शिबिराची व्यवस्था पाहणारे साथी, बहिणींनो आणि दोस्तांनो,

करमाडमध्ये माइक हातात घ्यायची ही माझी पहिलीच वेळ. शाळेत असताना गॅदरिंगच्या स्टेजवर एकदा चढलो होतो, पण नाटकात मला झाडाचं काम होतं. झाडाला बोलायला काही नसतं. त्यामुळे आज चुकलो तर सांभाळून घ्या.

मी इथलाच. अब्बांचं जालना रोडवर वेल्डिंगचं दुकान होतं. औरंगाबादला इंजिनिअरिंग केलं आणि आता पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. माझ्या कामाला डिझास्टर रिकव्हरी म्हणतात. डेटा सेंटरला आग लागली, पुराचं पाणी शिरलं, वीज गेली, तर दुसऱ्या ठिकाणाहून सगळं परत कसं उभं करायचं, हे आम्ही आधी ठरवून ठेवतो. कोणती सिस्टिम पहिली चालू करायची, कोणती नंतर, कुणाला रात्री फोन करायचा, असं सगळं. वर्षातून दोनदा खोटं संकट उभं करतो आणि तालीम घेतो. थोडक्यात, सगळं बुडाल्यावर काय करायचं, या विचाराचा मला पगार मिळतो.

म्हणूनच आज सकाळी तुमच्याकडून तो खेळ खेळून घेतला. जे उशिरा आले त्यांच्यासाठी नियम परत सांगतो. दुनिया मोडून पडली आहे. वीज नाही, नेटवर्क नाही, सरकार नाही, दुकानं नाहीत. एक नौका आहे आणि तिच्यात दहाच जागा आहेत. गोष्टींतली, कादंबऱ्यांतली, सिनेमांतली दहा पात्रं निवडायची आणि त्यांनी माणसांची वस्ती परत उभी करायची. पैगंबर, सहाबा, औलिया, इतिहासातली माणसं या खेळात नाहीत. फक्त कुणीतरी रचलेली पात्रं.

कुणीतरी विचारलं, खरी माणसं का नाहीत? खरी माणसं निवडताना आपण शिष्टाचार पाळतो. कलामसाहेबांचं नाव घेतो, आईचं नाव घेतो. पात्रं निवडताना मन मोकळं असतं. माणूस म्हणून आपण कुणाला मोठं समजतो, ते तिथे खरं खरं बाहेर येतं.

तुमच्या सहा गटांचे सहा कागद मी जेवणाच्या सुट्टीत वाचले. साठ जागा होत्या. आयर्न मॅन पाच कागदांवर आहे. बॅटमॅन आहे, बाहुबली आहे, 'मनी हाइस्ट'मधला प्रोफेसर आहे, एका गटात डोरेमॉन आहे. फास्टर फेणे एका कागदावर आहे, त्याचा मला मनापासून आनंद झाला. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा निदान सायकल चालवतो, त्याला पेट्रोल लागत नाही. बायका साठात सात. मुसलमान नाव एकच, अलादिन, आणि त्याच्यापुढे कंसात लिहिलंय 'दिव्यासाठी'. शेतकरी एकही नाही.

हसू नका. शेतकऱ्यांची आणि कारागिरांची पोरं या हॉलमध्ये बसली आहेत. करमाडच्या चारी बाजूंना कापूस, मका, तूर उभी आहे. आणि साठ जागांत पेरणी करणारं एकही पात्र आपल्याला आठवलं नाही.

तुम्हाला नावं ठेवण्यासाठी हे सांगत नाही. पंधरा वर्षांपूर्वी हॉस्टेलवर हाच खेळ आम्ही खेळलो होतो, तेव्हा माझीही यादी अशीच होती. ती का बदलली, ते सांगायला उभा आहे.

आता त्या नौकेतली पहिली सकाळ बघू. आयर्न मॅनचा सूट चार्ज होणार नाही. बॅटमॅनची गाडी, पैसा आणि नोकर, तिन्ही गेलेत. सकाळी सात वाजता भूक लागेल. प्यायला पाणी कुठलं? ज्वारी असेल तर दळणार कोण? सगळीच ज्वारी खाऊन टाकली तर पुढच्या वर्षी पेरायचं काय?

बियाण्यावरून एक खरी गोष्ट सांगतो. नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड नावाच्या द्वीपसमूहावर डोंगराच्या पोटात २००८ साली एक बीजकोठार उघडलं. जगभरातल्या पिकांची बियाणी तिथे थंडीत जपून ठेवतात, जगावर संकट आलं तर असावीत म्हणून. त्यातून पहिल्यांदा बियाणं बाहेर काढलं ते २०१५ मध्ये. मागणी आली होती सीरियाच्या हलबशी, म्हणजे अलेप्पोशी, जोडलेल्या एका संशोधन संस्थेकडून. युद्धामुळे तिथलं काम बंद पडलं होतं. गहू, जव, मसूर, हरभऱ्याचे ते वाण लेबनॉन आणि मोरोक्कोच्या शेतांत पेरले, वाढवले आणि नवं बियाणं २०१७ पासून परत कोठारात पाठवायला सुरुवात केली. लक्षात घ्या, कोठार कितीही भक्कम असलं तरी बी पेरायला, खुरपायला, मळायला आणि निवडायला माणसांचे हात लागले.

आमच्या दादीकडे असंच एक कोठार होतं. तुरीच्या काड्यांची, शेणामातीनं लिंपलेली कणगी. बियाण्याची ज्वारी वेगळी, राखेत मिसळलेली, मध्ये कडुलिंबाचा पाला. १९७२ च्या दुष्काळात दादी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. परदेशातून आलेली लाल मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले, असं सांगायची. पण कणगीतल्या बियाण्याला हात लावला नाही. मी इंजिनिअर झालो तेव्हा मला म्हणाली, "बेटा, कागद अच्छा है, मगर हुनर हाथ में रहता." मी तेव्हा हसण्यावारी नेलं. राख किती आणि पाला किती, ते विचारून घ्यायचं राहून गेलं. दादी गेली आणि ते माहीत असलेलं घरातलं शेवटचं माणूस गेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप घेतलाच नव्हता.

असो, पात्रांकडे वळू.

मी इंजिनिअर, त्यामुळे माझ्या जुन्या यादीत पहिलं नाव अर्थातच एका हुशार माणसाचं होतं. बाराव्या शतकात अंदलुसमध्ये इब्न तुफैल नावाचे हकीम आणि तत्त्वज्ञ होऊन गेले. त्यांची 'हय्य इब्न यकज़ान' ही कथा. हय्य एका बेटावर एकटा वाढतो. एक हरणी त्याला दूध पाजते. ती मरते तेव्हा तिच्यातून काय निघून गेलं, हे शोधण्यासाठी तो तिचं शरीर उघडून बघतो. तिथून पाहत, करून बघत तो आग, औजारं, प्राणी, तारे असं करत करत थेट निर्मात्याच्या विचारापर्यंत पोहोचतो. १६७१ मध्ये या कथेचा लॅटिन अनुवाद छापला गेला, 'रॉबिन्सन क्रूसो'च्या जवळजवळ अर्धशतक आधी. एकट्यानं शून्यातून दुनिया समजून घेणारा पहिला हिरो आपल्या ग्रंथपरंपरेतला आहे, याचा मला फार अभिमान होता.

पण कथेचा शेवट मी तेव्हा नीट वाचला नव्हता. हय्य शेवटी माणसांच्या बेटावर जातो, त्यांना शिकवू पाहतो आणि त्याला ते जमत नाही. लोक कंटाळतात, दूर जातात. तो परत आपल्या निर्जन बेटावर येतो. इब्न तुफैल यांनी सुमारे साडेआठशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की सगळं कळणारा माणूस चार लोकांत टिकेलच असं नाही. हय्य माझ्या नौकेत आजही आहे. पण वस्तीचा प्रमुख म्हणून नाही.

जयंत नारळीकरांची हिमप्रलयावरची एक कथा आहे. वसंत चिटणीस नावाचा शास्त्रज्ञ हिमयुग येतंय म्हणून इशारा देतो. मुंबईत बर्फ पडेपर्यंत त्याचं कुणी मनावर घेत नाही. त्यालाही मी घेतो. पण त्याच्या शेजारी असा कुणीतरी हवा, जो त्याचं म्हणणं लोकांना पटेल अशा बोलीत सांगेल. त्यासाठी दास्तान-ए-अमीर हम्ज़ामधला अमर अय्यार घेतो. लखनौच्या नवल किशोर छापखान्यानं ही दास्तान ४६ खंडांत छापली. अमरजवळ एक झंबील असते, थैली म्हणा, तिच्यात सारी दुनिया मावते. पण खरी कमाल त्याच्या जिभेची आहे. तो वेश बदलतो, बोली बदलतो, दरबारात दरबारी होतो आणि बाजारात बाजारी.

तीन जागा भरल्या. तिघंही डोक्यानं चालणारे. आता मराठीतल्या दुष्काळाकडे येऊ, कारण जग बुडणं म्हणजे आपल्याकडे बॉम्ब किंवा उल्का नव्हे. आपल्याकडे जग पाण्यावाचून बुडतं.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली आली. औंध संस्थानातली धनगरांची छोटी वाडी. तिथे एक तरुण मास्तर येतो. शाळा भरू लागते, गाव मिळून तालीम बांधतं. मग दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं गाव सोडतात आणि मास्तर ओस वाडीत उरतो. मराठीत जग संपण्याची याहून खरी गोष्ट मला माहीत नाही.

त्या वाडीतून मी दोघांना घेतो. एक शेकूची बायको. शेकूकडे एकच बैल आहे, जोडीला दुसरा मिळत नाही. तेव्हा बैलाशेजारी जू खांद्यावर घेऊन ती शेत नांगरायला उभी राहते. वाचलेल्या कुणालाही हे चित्र विसरता येत नाही. पण बघा, तिला आपण शेकूची बायको म्हणूनच ओळखतो. माझ्या नौकेत चढताना मी आधी तिला तिचं नाव विचारेन.

दुसरा आयबू. वाडीतला मुसलमान, मास्तरच्या सोबतीला राहणारा. मराठीतल्या गाजलेल्या कादंबऱ्यांत आपण सापडतो ते बहुतेक वेळा असे कडेला. मी त्याला जातभाई म्हणून घेत नाही. ज्याचं हक्काचं कुणी नाही असा माणूस वस्तीत कसा सामावतो, हे त्याला माहीत आहे. नौकेतल्या दहाही जणांचं मागे कुणी उरलेलं नसेल. त्यांना ते शिकावं लागेल.

सहावा पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'मधला नारायण. कुणाच्याही घरचं लग्न असो, खरेदीपासून पंगतीपर्यंत सगळं त्याच्या डोक्यात. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात एक नारायण असतो. देग कुणाकडे आहे, शामियान्याचे बांबू कुठे पडलेत, काझीसाहेबांना कोण घेऊन येईल, रात्री दोनला मय्यत झाली तर कबर खोदायला कुणाला उठवायचं, सगळं त्याला पाठ. कार्य पार पडलं की फोटोत तो नसतो.

सातवा फकिरा. अण्णा भाऊ साठे यांची कादंबरी १९५९ ची. दुष्काळात माणसं उपाशी मरत असताना धान्य कुणाच्या कोठारात पडून आहे, हा प्रश्न फकिरा विचारतो आणि ते धान्य भुकेल्यांत वाटतो. गैरसमज नको, मी कुणाला कोठार फोडायला पाठवत नाहीये. पण अन्न कमी पडतं तेव्हा वाटणीचा प्रश्न विचारणारा माणूस नौकेत नसेल, तर पंधरा दिवसांत तिथेही एक सावकार आणि नऊ उपाशी अशी वस्ती तयार होईल.

आता थोडं थांबतो, कारण पुढचं सांगणं मला जड जातं.

यादी करण्याचा खेळ मी एकदा खराखुरा खेळलो आहे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागायच्या जरा आधी मी पुण्याहून इथे घरी आलो आणि पुढचे काही महिने इथूनच काम केलं. एप्रिलच्या शेवटी कंपनीकडून एक एक्सेल शीट आली. माझ्या टीममधले तेवीस जण आणि प्रत्येकापुढे एक रिकामा रकाना. त्यात 'क्रिटिकल' किंवा 'नॉन-क्रिटिकल' लिहायचं. नॉन-क्रिटिकल म्हणजे काय, हे शीटमध्ये लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं.

मी पाच जणांपुढे नॉन-क्रिटिकल लिहिलं. खरं सांगतो, फार वेळ लागला नाही. मीटिंगमध्ये कोण बोलतं, कुणाचं इंग्रजी चांगलं, कुणाकडे कोणती सर्टिफिकेटं आहेत. निकष म्हणून एवढंच होतं. त्या पाचांत रात्रपाळीचे एक कंत्राटी ऑपरेटर होते. माझ्यापेक्षा वयानं मोठे, आयटीआय झालेले, मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडणारे.

यादी पाठवायची होती ८ मे रोजी, सकाळी अकराला. शुक्रवार होता, रमजान चालू होता. सहरी झाली, फज्र झाली, मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. अब्बांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले आणि फोन ठेवून म्हणाले, "पटरी पे मजदूर कट गए."

तुमच्यातले जे तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते त्यांनाही ती सकाळ आठवत असेल. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यातले मजूर, मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले. घरी जाण्यासाठी भुसावळहून गाडी मिळेल या आशेनं रुळांच्या कडेनं चालत निघाले होते. रात्रभर चालून थकले आणि गाड्या बंद आहेत असं समजून रुळांवरच झोपले. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांमध्ये पडलेल्या त्यांच्या भाकरी सगळ्या देशानं पाहिल्या.

जालना कशासाठी ओळखलं जातं? बियाणं आणि सळई. दुनिया परत उभी करायची म्हटली तर याच दोन गोष्टी आधी लागतील. तुमच्या-माझ्या घरांच्या स्लॅबमध्ये त्या भट्ट्यांतली सळई आहे. ती ओतणारी माणसं कुणाच्याच यादीत नव्हती. गावी निघाली तेव्हा त्यांच्यासाठी जागा धरलेली गाडी नव्हती.

मी तेव्हा काय केलं? यादी अकरा वाजता पाठवली.

जुलैमध्ये एका रात्री आमची मोठी सिस्टिम बसली. परत उभी करायची पद्धत लिहिलेली होती, पण ती जुनी झाली होती. कोणती सर्व्हिस कोणत्या क्रमानं चालू करायची, मध्ये किती थांबायचं, हे प्रत्यक्षात त्या ऑपरेटरच्या डोक्यात होतं. पहाटे तीनला मी त्यांना फोन केला. तोवर ते गावी गेले होते. त्यांनी उचलला. चाळीस मिनिटं एकेक पायरी सांगितली. सिस्टिम उभी राहिली. शेवटी त्यांनी विचारलं, "सर, त्या यादीत माझं नाव कुणी टाकलं होतं?" मी म्हणालो, "कंपनीचा निर्णय होता."

ते खोटं होतं. वर्षभरानंतर मी फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं, सर. आमचं काम तुम्हीच बघायचे. दुसरं कोण लिहिणार?" शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांना दुसरीकडे काम मिळालं, त्यात माझा हात काही नाही. माफी मागितली. ती मिळाली की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

तेव्हापासून कुठलीही यादी पाहिली की मी आधी विचारतो, ही करणारा कोण आहे? सकाळी तुम्ही सगळ्यांनी दहा नावं लिहिली, पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. आपण स्वतः नौकेत आहोत की नाही? प्रत्येकानं गृहीत धरलं की आपण बाहेर उभे आहोत, पेन आपल्या हातात आहे. शहडोलच्या त्या मजुरांच्या हातात पेन नव्हतं. आणि खरं सांगू, बऱ्याच याद्यांत तुमच्या-माझ्या नावापुढेही कुणीतरी दुसराच काहीतरी लिहीत असतो.

नूह अलैहिस्सलाम यांचा किस्सा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. खेळात त्यांना घ्यायचं नाही, पण त्यातली एक गोष्ट इथे आठवण्यासारखी आहे. सूरह हूदमध्ये येतं की कौमचे सरदार त्यांना म्हणाले, तुमच्यामागे येणारे तर आमच्यातले हलके लोक आहेत. नूह अलैहिस्सलाम यांनी ठणकावून सांगितलं की या लोकांना मी हाकलून देणार नाही. किश्ती आपण लहानपणापासून ऐकतो, जोडीजोडीचे प्राणी ऐकतो. पण पाणी चढण्याच्या कितीतरी आधी वाद झाला होता तो हाच, की कोण मोलाचं आणि कोण हलकं.

आता राहिलेल्या जागा. आठवा आणि नववी म्हणून मी प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मधला हामिद आणि त्याची दादी अमीना यांना घेतो. चार-पाच वर्षांचं पोर, जत्रेला जाताना खिशात तीन पैसे. बाकीची पोरं मिठाई आणि खेळणी घेतात, तो चिमटा घेतो, कारण रोट्या भाजताना दादीची बोटं भाजतात. कथा १९३३ ची आहे, शाळेत आपण सगळ्यांनी ऐकली आहे आणि 'गुणी मुलगा' म्हणून सोडून दिली आहे. मला हामिद गुणी म्हणून नको आहे. आख्ख्या जत्रेत तो एकटाच असा आहे जो विकत घेण्याआधी विचार करतो की घरात कुणाचे हात भाजतायत. नौकेला प्रमुख हवा असेल तर तो असा असावा, वय काही का असेना. आणि अमीना यासाठी की रोट्या ती भाजते, आणि हामिदला तिनंच घडवलं आहे.

दहावी जागा मी रिकामी ठेवतो. का, ते सांगतो आणि संपवतो.

एक तर दहा हा आकडाच खोटा आहे. जीवशास्त्रात १९८० सालापासून एक ढोबळ हिशेब चालत आला आहे. जवळच्या नात्यातल्या पैदाशीचे दोष टाळायला निदान पन्नास जीव लागतात आणि वंश दीर्घकाळ टिकवायला पाचशे. त्यावर वाद आहेत, पण दहावर कुणीच थांबत नाही. निवडक हुशार माणसं घेऊन दुनिया उभी राहते, ही कल्पना गोष्टीत बरी. प्रत्यक्षात पुष्कळ माणसं लागतात, वेगवेगळी लागतात, आणि नको वाटणारीही लागतात.

दुसरं, दहावं पात्र अजून कुणी लिहिलेलं नाही. ते तुम्ही लिहायचं आहे. मुस्लिम मराठी साहित्य संमेलनं १९९० मध्ये सोलापूरपासून सुरू झाली, आपल्या लोकांनी मराठीत कविता लिहिल्या, आत्मकथनं लिहिली. तरीही आज सकाळी साठ जागांत तुम्हाला अलादिन सोडून आपलं कुणी आठवलं नाही. कापूस वेचणारी आपली खाला, पाणबुडी मोटर विहिरीतून काढणारा चाचा, शेंद्र्याच्या कारखान्यात पाळी करून संध्याकाळी मदरशात पोरांना गणित शिकवणारा भाईजान, यांच्यावर मराठीत गोष्ट कुठे आहे? ज्यांची गोष्ट नसते, ते यादी करताना आठवत नाहीत.

तुम्हाला तीनच कामं देतो.

पहिलं, पुढच्या सहा महिन्यांत एक हातकाम शिका, अगदी येईपर्यंत. बियाणं राखणं शिका, मोटर बांधणं शिका, साप चावल्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही ते शिका. मय्यतीला गुस्ल देणं इथे किती जणांना येतं? हात वर करा. चार. कोरोनात करमाडमध्ये हेच चार-पाच जण धावत होते. पुढच्या वेळी ते चारही आजारी असतील तर?

दुसरं, घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या एका वयस्कर माणसाकडे वही घेऊन बसा. त्यांना जे येतं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि वर त्यांचं पूर्ण नाव लिहा. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' चालणार नाही. मोबाइलवर रेकॉर्ड केलं तरी हरकत नाही, पण कागदावर उतरवा. मी दादीला विचारलं नाही, ते माझ्या मनाला लागून राहिलं आहे. तुमच्या दाद्या अजून आहेत.

तिसरं, तुमच्यापैकी बरेच जण चार-पाच वर्षांत सुपरवायझर होतील, टीम लीड होतील, मशिदीच्या किंवा शाळेच्या कमिटीवर जातील. एक दिवस कुणीतरी शीट पाठवेल आणि एक रकाना रिकामा असेल. तेव्हा घाई करू नका. प्रत्येक नावापुढे आधी हे लिहा की हा माणूस नक्की काय करतो. माहीत नसेल तर जाऊन विचारा. विचारून झाल्यावरही नाव काढायची वेळ आली, तर निदान त्याच्यासमोर उभं राहून सांगा की हे मी लिहिलं आहे.

संध्याकाळच्या सत्रात तेच सहा गट परत बसतील, कागद कोरे असतील. यादी परत करा. आयर्न मॅन ठेवायचा असेल तर ठेवा, माझी काही तक्रार नाही. फक्त त्याच्या शेजारी भाकरी कोण थापणार, त्याचंही नाव लिहा.

अल्लाह आपल्याला एकमेकांचे भाजलेले हात पाहण्याची तौफिक देवो. आमीन.